मुक्ता, पॅरिसला जाण्याआधी

कोल्हापूर
मंगळवार, २४ मे २०२२

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोन ठेवलास त्याला आता दोन दिवस होतील. बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहिते आहे. पोस्टानं टाकलं तर शनिवारची तुमच्या लिव्हरपूलची माद्रिदशी चॅम्पियन्स लीगची फायनल होऊन गेल्यावर पोचेल, तेव्हा पप्पांच्या लॅपटॉपवर टाइप करून पाठवते. सगळं एका दमात वाचू नकोस. शुक्रवारी बसमध्ये डोव्हरपर्यंत वेळच वेळ आहे.

पहिल्यांदा माफी. ‘तुमच्या क्लबच्या नशिबातच चेंगराचेंगरी आहे’ हे मी बोलायला नको होतं. त्याहून वाईट म्हणजे हेझेल आणि हिल्सबरो मी एका वाक्यात घेतले. तू त्या गावात राहतेस, क्लबच्या मैदानावर, ॲनफिल्डला, हिल्सबरोत गेलेल्या त्या सत्त्याण्णव जणांच्या नावांपुढे उभी राहून आली आहेस, आणि घरून तुला हे ऐकायला मिळालं. तू गप्प का झालीस ते मला फोन ठेवल्यावर कळलं.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला माहीत आहे. ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर, युव्हेंटसविरुद्धच्या फायनलआधी, लिव्हरपूलच्या बाजूच्या लोकांनी शेजारच्या स्टँडवर चाल केली. पळणारी माणसं भिंतीकडे दाबली गेली, भिंत पडली आणि ३९ जण गेले, बहुतेक इटालियन. मैदान मोडकळीला आलं होतं, दोन्ही बाजूंच्या मध्ये तकलादू जाळी होती, हे सगळं खरं. पण त्या दिवशी चाहत्यांचा दोष होता आणि शिक्षाही झाल्या. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, १५ एप्रिल १९८९ ला, चाहत्यांचा दोष नव्हता. तरी वर्षानुवर्षं तो त्यांच्याच माथी मारला गेला, आणि २०१६ मध्ये ज्युरीनं ती माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली असा निर्णय दिला, तोपर्यंत कितीतरी आईबाप वाट बघून गेले होते. हे तूच मला समजावलं होतंस, अकरावीत असताना, भाकऱ्या करता करता. आणि मीच विसरले.

तर गर्दीबद्दल या पत्रात पुन्हा काही लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. कामाचं तेवढं लिहिते.

पासपोर्ट, त्यातला शेंगेन व्हिसा, आणि तुझं बीआरपी कार्ड, तिथे राहायच्या परवान्याचं. येताना इंग्लंडात शिरायला ते कार्डच लागेल, त्यामुळे ते पासपोर्टबरोबर ठेवू नकोस, वेगळं ठेव. एक हरवलं तरी दुसरं राहतं. बसनं जाणाऱ्यांना फ्रान्सचा शिक्का डोव्हरलाच, बोटीत चढायच्या आधी, फ्रेंच अधिकारी मारतात. तुझ्याबरोबरची ब्रिटिश पासपोर्टवाली पोरं पटकन सुटतील, तुझ्या पासपोर्टाला वेळ लागेल, आणि मागे अख्खी बस खोळंबेल. म्हणून विम्याचा कागद (तीस हजार युरोचा तोच), लशीचा दाखला, परतीचं बसचं तिकीट आणि मॅचच्या तिकिटाची मेल यांची छापील प्रत एका प्लास्टिकच्या पाकिटात हाताशी ठेव. शिक्का पुसट उमटला तर तिथल्या तिथे दाखव.

तिकीट तुझ्या फोनमध्ये आहे. क्लबकडून तिकीट मिळालेल्यांपेक्षा तुझं प्रकरण वेगळं. दोन्ही क्लबांना वीस-वीस हजार तिकिटं आणि जगभरच्या लोकांसाठी सोडतीतून बारा हजार, त्या बारा हजारांतलं एक आपल्या घरात आलं. पप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगतात. पण फोनमधलं तिकीट म्हणजे फोन मेला की तिकीट मेलं. ॲप घरीच, वायफायवर उघडून तिकीट उतरवून घे. स्टेडियमजवळ पोचल्यावर ब्लूटूथनं ते जागं होतं, तोपर्यंत क्यूआर दिसणारच नाही, तेव्हा घाबरून ॲप काढून पुन्हा टाकायच्या फंदात पडू नकोस. पंचाहत्तर हजार माणसं एका जागी आली की नेटवर्क बसतं, आणि पुन्हा लॉगिन करायला ओटीपी येणार नाही. ब्लूटूथ चालू, बाकी सगळं बंद, चार्जिंग नव्वदच्या वर. दुपारभर व्हिडिओ काढत बसलीस तर संध्याकाळी फोन तीस टक्क्यांवर येईल. आणि हा एकच फोन तुझं तिकीट, नकाशा आणि माझ्याशी बोलायचं साधन आहे, हे लक्षात ठेव.

बॅग ए-फोर कागदाच्या मापाची. त्याहून मोठी आत नेऊ देत नाहीत, ठेवायला जागा शोधत फिरावं लागतं आणि तोवर तुझी मंडळी पुढे गेलेली असतात. दम्याचा पंप बॅगेत नाही, अंगावर. निळा पंप. डाव्या खिशात, चेनच्या. त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, दारावर तपासणाऱ्यानं विचारलं तर.

लिव्हरपूलच्या लोकांची जमायची जागा कूर द व्हँसेनला, नेशनजवळ दिली आहे. स्टेडियम सँ-देनीला, शहराच्या पार उत्तरेला. नेशनहून आरईआर (तिथली लोकल) ‘ए’नं शाटले, तिथे बदलून ‘बी’नं ला प्लेन किंवा ‘डी’नं सँ-देनी. तिसरा रस्ता मेट्रोच्या तेरा नंबरचा, पोर्त द पारी स्टेशनचा. तिन्ही स्टेशनांवरून स्टेडियमला चालत जावं लागतं, आणि तिन्हीकडून वेगवेगळ्या बाजूनं. पॅरिसला गाड्यांचा संप नवा नाही, म्हणून शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी दोनदा बघून घे, आणि एक लाइन बंद असली तर कुठली धरायची ते आधीच ठरव. एक लाइन बंद पडते तेव्हा तिची सगळी माणसं दुसऱ्या लाइनीवर येतात, आणि त्या दुसऱ्या स्टेशनाबाहेरचा रस्ता तेवढ्या माणसांचा हिशोब करून आखलेला नसतो.

मी नकाशा बघितला. आरईआर ‘डी’च्या बाजूनं येताना वाट महामार्गाखालून जाते. पुलाखाली रस्ता अरुंद होतो, उजेड कमी होतो, आणि पुढे काय चाललंय ते मागच्याला दिसत नाही. तिथे थांबू नकोस. फोटोसाठी नको, मैत्रिणीची वाट बघायला नको. पुलाच्या आधीच बघ, पलीकडचं टोक वाहतंय का. वाहत नसेल तर आत शिरू नकोस.

बघ, आलेच मी तिथे.

मग आता लिहूनच टाकते. एकदा नीट लिहिलं की फोनवर बोलायची गरज उरणार नाही, तुलाही आणि मलाही.

तुला वाटतं मी बातम्या बघून घाबरते. ते तसं नाही. मी एकतीस वर्षं नर्स होते, आणि लोकांना वाटतं तसं गर्दीत माणूस पायाखाली येऊन मरत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बहुतेक जण उभ्या-उभ्या जातात. श्वास आत घ्यायचा तर छाती फुगायला जागा लागते. पुढून-मागून दाब आला की बरगड्या हलत नाहीत. सोडलेला श्वास बाहेर जातो आणि नवा आत येत नाही. अर्ध्या मिनिटात डोकं हलकं होतं, चार-सहा मिनिटांत मेंदूला धक्का बसतो. लोखंडी कठडे वाकलेले सापडतात, एवढा तो दाब असतो. आणि तो कुणी मुद्दाम दिलेला नसतो. शेवटच्या रांगेतला माणूस नुसता अर्धं पाऊल पुढे सरकतो, कारण त्याला मॅच चुकवायची नसते.

तू पाच फूट एक इंच आहेस. तुझं नाक इतरांच्या छातीशी येतं. तुझ्यापर्यंत हवा आधीच कमी पोचते, आणि तुझी छाती मुळातच थंडीत आणि धुळीत आखडणारी. म्हणून तुला सांगते. तुझ्याबरोबरची ती सहा फुटी पोरं तेवढ्याच गर्दीत गाणं म्हणत उभी राहतील आणि तुला त्याच वेळी काही सुचत नसेल. त्यांच्या अंदाजावर जाऊ नकोस.

अंदाज आपला आपण घ्यायचा असतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असतील तर चालता येतं. दोन्ही खांदे सतत कुणाला तरी लागायला लागले की पाच-सहा झाली. हात वर करून स्वतःचं नाक पुसता येत नाही, ही शेवटची खूण. त्यापुढे गर्दी पाण्यासारखी हलते, लाट मागून येते आणि तुझे पाय तुझे राहत नाहीत. खांदे लागायला लागले, तिथेच वळायचं. नाकाची खूण येईपर्यंत वळायची सोय गेलेली असते.

वळता आलं नाही तर: दोन्ही कोपर बाजूला, हात छातीसमोर मुठी करून, बॉक्सरसारखे. छाती आणि पुढची पाठ यांच्यात तेवढी वीतभर जागा राखायची. एक पाय पुढे, एक मागे. लाट येईल तेव्हा तिच्याशी झगडायचं नाही, तिच्याबरोबर जायचं, आणि ती ओसरेल त्या क्षणी तिरकं, बाजूला सरकायचं. प्रत्येक ओसरण्याला दोन पावलं. सरळ मागे जायचा प्रयत्न करू नकोस, मागे तर सगळे तुझ्याकडे तोंड करून उभे असतात. भिंत, कठडा, बंद फाटक यांच्यापासून दूर. खाली काही पडलं तर ते गेलं, फोन असला तरी. ओरडून श्वास घालवू नकोस. पडलीसच तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हात डोक्याभोवती, आणि पहिल्या संधीला उठायचं. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीच्या.

आणि आज्जीनं विणलेला लाल मफलर. तो नेणार हे मला माहीत आहे, नेऊ नको म्हणणार नाही. पण गळ्यात बांधू नकोस. मनगटाला बांध. गर्दीत मफलरचं टोक कुणाच्या बॅगेत अडकलं की गळा आवळायला एवढंसं पुरतं.

हे सगळं फार झालं, कळतंय मला. मे महिन्याचं ऊन, हातात फायनलचं तिकीट, आणि आई बरगड्या शिकवतेय. थोडं थांब, अजून एकच हिशोब आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे.

हिल्सबरोला लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्यानं बघायची तिकिटं १०,१०० होती आणि त्यांच्यासाठी टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारी फिरती दारं, सात. एका टर्नस्टाइलमधून तासाला साधारण साडेसहाशे माणसं जातात. सात गुणिले साडेसहाशे म्हणजे साडेचार हजार. सगळे आत जायला दोन तासांहून जास्त लागणार, हे तीनच्या मॅचआधी कागदावरच दिसत होतं. दारावर दाब वाढला म्हणून दोन बावन्नला बाजूचं मोठं फाटक उघडलं गेलं, आत आलेले समोरच्या बोगद्यातून उतारानं थेट मधल्या जाळीबंद कुंपणांत गेले, आणि ती दोन कुंपणं आधीच भरलेली होती. बाजूची रिकामी होती. तिकडे जा म्हणून सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कुणी उभं नव्हतं. मॅच थांबली तीन वाजून सहा मिनिटांनी.

पुढे जाळीशी जीव गेलेल्यांत कितीतरी जण वेळेवर आलेले होते. लवकर जा, लवकर जा, असं मी तुला रविवारी पाच वेळा म्हणाले, आणि तू म्हणालीस की लवकर गेलेलेच पुढे होते. बरोबर होतं तुझं. आता कुंपणं नाहीत, प्रत्येकाला आपली खुर्ची आहे, म्हणून आतमध्ये तसा धोका राहिला नाही. धोका आता दाराबाहेर सरकला आहे. मांढरदेवीला २००५ च्या जानेवारीत तेच झालं. देवळात काही झालं नाही, देवळाकडे जाणाऱ्या उतारावर झालं. अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं निसरड्या पायऱ्या, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच रस्त्यानं. तीनशेच्या आसपास माणसं गेली. कोलकात्याला १६ ऑगस्ट १९८० ला फुटबॉलच्याच मॅचला सोळा जण गेले. इतकी वर्षं झाली, तिथले लोक अजून तो दिवस पाळतात.

म्हणून लवकर जा याचा अर्थ एवढाच: सहाला दारं उघडतात, साडेपाचला तू स्टेशनवर उतरलेली असावीस, आणि सातच्या आत खुर्चीत. तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, वेळ गेल्याचं कळत नाही, घड्याळ बघत जा. रांगेत लागण्याआधी बाथरूमला जाऊन ये आणि पाणी पी. तपासणीच्या दोन रांगा असतात, पहिली लांबवर नुसती तिकीट आहे का बघायची, दुसरी टर्नस्टाइलची. घोटाळा बहुधा पहिलीला होतो, कारण तिथे बाजूला सरकायला जागा ठेवलेली नसते आणि ज्याचं तिकीट चालत नाही त्याला परत जायला वाट नसते. तुझ्या फोनवर गेटचं अक्षर असेल. दुसऱ्या गेटला कमी गर्दी दिसली म्हणून कुणी बोलावलं तर जाऊ नकोस, परत यायला उलट्या प्रवाहातून यावं लागेल.

आणि आठ चाळीसला तू अजून बाहेर असशील, रांग हलत नसेल, तर रांग सोड. हीच एक गोष्ट मला तुझ्याकडून कबूल करून हवी आहे. शेवटच्या वीस मिनिटांतच लोक ढकलतात. सुरुवात चुकली तर चुकू दे. मॅच नव्वद मिनिटांची आहे, आणि या टीमची कदाचित एकशेवीस मिनिटांची आणि वर पेनल्टी. फेब्रुवारीत चेल्सीविरुद्ध अकरा-दहा, चौदा तारखेला पुन्हा त्यांच्याशीच सहा-पाच. तुला बघायला पुष्कळ उरेल.

फ्रेंच पोलीस अश्रुधूर लवकर काढतात, हे तिथल्या मोर्च्यांत दिसलं आहे. चाहत्यांवर काढतील असं मी म्हणत नाही. पण कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नकोस, चष्मा घाल. डोळे झोंबले तर चोळायचे नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेला चालायचं, गार पाण्यानं भरपूर धुवायचे. श्वास लागला तर निळा पंप, एक पफ, अर्धं-एक मिनिट थांब, पुन्हा एक, असे दहापर्यंत चालतात. दहानं उतार पडला नाही तर ११२. फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १५, पण ११२ लक्षात राहील.

झालं. शपथ, झालं.

तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस. इस्तंबूलची मॅच आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होती. अण्णांनी तुला उठवलं होतं, कारण तू झोपताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतंस. पहिल्याच मिनिटाला मालदिनीनं गोल केला, मग क्रेस्पोनं दोन. मध्यांतराला तीन-शून्य. अण्णा म्हणाले, चला झोपू. तू म्हणालीस, ‘आपल्या पेठेची टीम हरली तर तुम्ही मधेच उठता का?’ अण्णा खाली बसले. मग जेरार्ड, श्मिचर, आलोन्सो, सहा मिनिटांत तीन. डुडेकनं शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा तू सोफ्यावर आणि अण्णा सोफ्याखाली चष्मा शोधत. सकाळी तू गल्लीत सगळ्यांना तो स्कोअर सांगत फिरलीस. पेठेत तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिना सोडून तिसरं नाव कुणी घेत नव्हतं.

शाहू स्टेडियमला तुला खांद्यावर घेऊन जायचे ते. तालमीची, म्हणजे पेठेच्या टीमची, मॅच असली की आमचा जीव घरात थाऱ्यावर नसायचा, दगड कधी उडतील सांगता यायचं नाही. तरी अण्णा तुला न्यायचे आणि मी अडवलं नाही. खांद्यावर होतीस ना. गर्दीत सगळ्यांच्या वर डोकं, मोकळी हवा. या शनिवारी तू त्यांच्याशिवाय जाणार, बहुधा तेच मला झेपत नाहीये.

त्यांना हे सगळं बघायला हवं होतं. एका वर्षात त्रेसष्ट मॅच, शक्य तेवढ्या सगळ्या. दोन कप घरात. रविवारी लीग एका गुणानं गेली, ब्याण्णव आणि त्र्याण्णव, मँचेस्टर सिटीनं पाच मिनिटांत तीन गोल काढले म्हणून. त्या रात्रीच मी तुला गर्दीवरून बोलले, तुझं मन आधीच खाली असताना. त्याबद्दलही माफ कर. आणि समोर माद्रिद. पॅरिसलाच १९८१ मध्ये ॲलन केनेडीच्या एका गोलानं यांना हरवलं होतं, आणि २०१८ ला कीव्हमध्ये सालाह रडत बाहेर गेला ते तू अजून विसरली नाहीस. यंदा माद्रिद प्रत्येक वेळी मेल्यातून उठलं आहे, पॅरिसविरुद्ध, चेल्सीविरुद्ध, सिटीविरुद्ध तर नव्वदाव्या मिनिटानंतर. त्यामुळे दोन-शून्य असताना सुद्धा ‘जिंकलो’ असा मेसेज मला पाठवू नकोस. पप्पा म्हणतात थियागोचा पाय दुखावला आहे, तो खेळला नाही तर मधली फळी माद्रिदच्या गोलकीपरपर्यंत, कूर्त्वापर्यंत, बॉल पोचवणार कशी. मी म्हटलं, कूर्त्वापर्यंत पोचेल, कूर्त्वाच्या पुढे कसा जाईल ते बघा.

मॅच संपल्यावर जिंकलात तरी, हरलात तरी, अर्धा तास जागेवर बसून रहा. बाहेर पडताना सगळे एकदम उठतात आणि तीच स्टेशनं तीच माणसं घेतात. तुमच्या मंडळींशी भेटायची जागा आधी ठरवा, फोन लागणार नाही असं धरून. ‘गेटसमोर’ असं नको, एखादा दुकानाचा बोर्ड, एखादा पुतळा, फाटकांपासून दोनशे मीटर तरी लांब. शेवटची गाडी किती वाजता, बस कुठून सुटते, हे कागदावर लिहून चपट्या खिशात. परतीच्या बसमध्ये झोप. रविवारी दुपारी लिव्हरपूलला परेड आहे, जिंकले-हरले तरी, आणि तू तिथेही जाणार. जा. फुटपाथच्या मागच्या बाजूला, जिथे मागे गल्ली उघडी आहे अशा जागी उभी रहा.

मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होईल. तिकडे अठ्ठावीस, पण आपल्या घड्याळात एकोणतीस मे लागलेली असेल. हेझेलची तारीख. हे मी रविवारी बोलले नाही, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. काल कॅलेंडरचं पान बघताना आलं. तुला सांगू नये असं पप्पांचं म्हणणं होतं. पण तू तिथे पोचल्यावर कुणाकडून तरी ऐकशील आणि आईला माहीत होतं का असा विचार करशील. माहीत आहे. त्या एकोणचाळीस जणांसाठी मी देवापुढे दिवा लावणार आहे, तुमच्या मॅचआधीच्या गाण्याच्या वेळेलाच. त्यात एक अकरा वर्षांचा मुलगाही होता.

खुर्चीत बसलीस की एक मेसेज टाक. नेटवर्क नसेल तर साधा एसएमएस कधी कधी जातो. लांब नको. ‘बसले’ एवढंच लिही. तो येईपर्यंत मी टीव्ही लावणार नाही, पप्पा पलीकडच्या खोलीत लावतील.

मोठ्या काकूंनी पाठवलेलं मेतकूट संपलं असेल तर सांग, जूनमध्ये नीलमवन्सं येणार आहेत त्यांच्याबरोबर देते. घराचं कर्जाचं काम झालं, त्याची काळजी नको. अण्णांच्या फोटोला मी या वेळी लाल फुलं घातली आहेत.

तुझी,
आई

ता. क. पंप हलवून बघ किती उरला आहे, असं नाही कळत. डब्यावर आकडा असेल तर बघ, नसेल तर शनिवारसाठी नवीन काढ. जुना बसमधल्या बॅगेत ठेव. नवा डाव्या खिशात.